जावईबापूंची खुर्ची

मास्तरांचा खड्ड्यांवर राग होता. रस्त्यावरच्या नव्हे, त्यांना लोक सरावतात, मास्तरही सरावले होते. त्यांचा राग होता बैठकीतल्या खड्ड्यांवर. सोफा, आरामखुर्ची, दवाखान्यातला बाक, दुरुस्तीला काहीही येवो, ते आधी त्यावरून तळहात फिरवत, ताप बघावा तसा. आणि हात जिथे खाली जाई तिथे त्यांचा चेहराही उतरे. "माणूस उठून जातो," ते म्हणत, "आणि आपलं बूड मागे ठेवून जातो. ही काय रीत झाली?"

त्यांना मास्तर म्हणत ते गळ्यातल्या मापपट्टीमुळे; शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच, तोही परस्परसंमतीने, संपला होता. दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर आढ्याला खुर्च्या उलट्या टांगलेल्या, चारी पाय हवेत, स्वप्नात धावणाऱ्या जनावरांसारख्या. खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. काथ्याचा बारीक चुरा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत असे आणि खाली बसायचं विसरून जाई. खोळी शिवायचं काम बायकोचं, भरायचं आणि ठोकायचं काम मास्तरांचं, आणि दोघांच्या कामावर नजर ठेवायचं काम मुकादमिणीचं.

मुकादमीण म्हणजे राखाडी रंगाची, पांढऱ्या पंजांची मांजर. एके दिवशी ती उघड्या दारातून आत आली, सगळ्या मालाची पाहणी केली, आणि नेमणूक झाल्यासारखी राहिली.

"ती माझी नाही," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "दुकानाची आहे."

"हो का," बायको मशीनवरून मान न उचलता म्हणे. "मग सकाळी तिची मासळी दुकान जाऊन आणतं वाटतं."

अशा त्या दुकानात एक तरुण ती खुर्ची घेऊन आला. रुंद, जड लाकडाची, उंच पाठीची. डाव्या हाताचं कापड नखांनी ओरबाडून झिरमिळ्या झालेलं. बैठकीत एक मोठा खड्डा आणि त्याला लागून, डावीकडे, एक लहान. तळ्याशेजारी डबकं असावं तसा.

"बाबांची खुर्ची," तरुण म्हणाला. "ते गेले मागच्या वर्षी. आई सध्या मावशीकडे आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. ती परत यायच्या आत एकदम नवी करून द्या. तिला चकित करायचंय."

मास्तरांनी तळहात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पार गेलेली केस आहे," ते म्हणाले. "पण माझ्याकडे आणलीत, आता चिंता सोडा."

आणि खरोखरच त्यांनी त्या खुर्चीवर जीव ओतला. जुनं कापड सोललं, गोणपाट फाडलं, आतला काथ्या एकसंध गठ्ठाच होऊन निघाला. वर्षानुवर्षांच्या भाराने दबून एखाद्या जुन्या पायताणासारखा घट्ट, मालकाचा आकार धरून बसलेला. तो त्यांनी कोपऱ्यात भिरकावला. नव्या स्प्रिंगा बांधल्या, वर उत्तम फोम घातला, त्यावर बायकोने शिवलेली गर्द हिरवी खोळ. कडेने पितळी खिळ्यांची रांग अशी की एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा केसभर उंच नाही. काम संपल्यावर त्यांनी पुन्हा तळहात फिरवला. हात संथ पाण्यावरून जावा तसा गेला. इतकं निर्मळ सुख माणसाला फार वेळा मिळत नाही. मिळालं की ते कुणाचं तरी काढून घेतलेलं तर नाही ना, हे तपासायची सवयही कुणाला नसते.

खुर्ची गेली. मग काही दिवसांनी, दुपारी, दुकानाच्या दारात एक वयस्क बाई उभ्या राहिल्या. काळा चष्मा, ताठ कणा, हातात काठी; ती टेकायला नसून दाखवायला असावी.

"तुम्हीच मास्तर?"

"हो."

"मला सगळे बाई म्हणतात. मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त आहे. हिरवी खुर्ची माझी." त्यांनी पदराने एका स्टुलावरची धूळ झटकली आणि न विचारता बसल्या. "इतकं नीट काम मी फार वर्षांत पाहिलं नाही. कुठे एक टाका वाकडा नाही."

मास्तर फुलले. बायकोकडे त्यांनी एक कटाक्षही टाकला, ऐकतेस ना, अशा अर्थाचा.

"आता ती बिघडवून द्या," बाई म्हणाल्या.

शिलाई मशीन थांबलं.

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे पहिल्यासारखी करून द्या. आमचे जावईबापू जेवत नाहीत."

"अगंबाई," मास्तरांची बायको म्हणाली. "मुलीला कळवलंत का?"

"मुलगी नाही आम्हाला."

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. ऑपरेशन डोळ्याचंच होतं ना, असा प्रश्न दोघांच्या चेहऱ्यावर एकदमच उमटला असावा, कारण बाई म्हणाल्या, "बोका आहे हो. नाव ह्यांनी ठेवलं. म्हणाले, काम काडीचं करायचं नाही, सगळ्यात चांगल्या जागी बसायचं, ताट समोर आलं की रुसायचं, आणि घरच्यांनी मनधरणी करायची. जावई नाही तर कोण?"

बायको हसली. बाई हसल्या नाहीत. त्या एखादा धडा ज्या क्रमाने शिकवायचा त्याच क्रमाने सांगत होत्या.

यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे, लोकांच्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर घरी त्या खुर्चीत बसून तेच काम करत राहिले. उजव्या हातात लाल पेन, आणि डाव्या मांडीला टेकून जावईबापू. लहान खड्डा त्यांचा. यजमान गेल्यावर मोठा खड्डा रिकामा झाला, पण जावईबापू आपल्या खड्ड्यात बसत राहिले, शेजारच्याची वाट पाहत असल्यासारखे.

"हे गेले तेव्हा लोक मला भेटायला आले," बाई म्हणाल्या. "त्याला कुणी भेटायला आलं नाही. मी स्वयंपाकघरात रडायची, तो खुर्चीत बसायचा. आमची तशी वाटणीच झाली होती. आणि चाललं होतं बरं का. दोघंही जेवत होतो."

मग बाई बहिणीकडे गेल्या, मुलाने प्रेमाने खुर्ची उचलून नेली, आणि जावईबापू त्या उरलेल्या रिकाम्या चौकोनात फरशीवर बसले. नवी खुर्ची आली तशी त्यांनी ती एकदा हुंगली, आणि जेवायच्या टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून जे बसले ते बसलेच. दूध नको, मासा नको. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. पोटात काही दुखणं नाही म्हणाले, पण या वयात बोका असाच उपाशी राहिला तर.

एवढं बोलून बाई थांबल्या. सगळं आयुष्य मुलांना वाक्य पूर्ण करायला लावण्यात गेलेलं; हे एक त्यांना पूर्ण करता येईना.

"बाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा दुखावलेलाच होता, "माझ्या कामाला दहा वर्षांची हमी असते. खड्डा पडणार नाही म्हणजे नाही."

"दहा वर्षं त्याच्याकडे नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्याकडेही असतील-नसतील."

"जाऊन बघा तरी," बायको म्हणाली. हे 'तरी' लग्नात मिळालेलं असतं. त्याच्यापुढे हमीबिमी चालत नाही.

बाईंचं घर पुस्तकांनी भिंतींपेक्षा जास्त भरलेलं होतं. खिडकीशेजारी ती हिरवी खुर्ची उभी होती, देखणी, निर्दोष, आणि नवख्या पाहुण्यासारखी एकटी. टेबलाखाली जावईबापू. कधीकाळी गल्लीचा दादा असावा असा तांबूस, थोराड देह, एक कान फाटलेला. पण अंगावरची लव आता इस्त्री न केलेल्या कपड्यासारखी विस्कटलेली, पाठीचा कणा मोजता येईल असा. मास्तर खाली वाकले. जावईबापूंनी भिंतीवरची नजर काढली नाही. त्या पाठमोऱ्या अंगात एक असा नकार होता की मास्तरांना उगाचच पायातल्या चपला बाहेर नीट लावल्या की नाही ते आठवेना.

"मी जरा बसून बघू?" ते म्हणाले. "वजन बरं आहे माझं."

ते बसले. बराच वेळ, डावीकडे झुकून, मग उजवीकडे रेलून, अंग जड करून बसले. बाईंनी चहा आणून दिला, तो त्यांनी खुर्चीतच घेतला, तेवढंच वजन. उठून पाहतात तर फोम हळूहळू वर आला, काही झालंच नाही अशा थाटात.

"शब्दकोश ठेवून बघू या," बाई म्हणाल्या.

दोघांनी मिळून यजमानांचे जाडजूड कोश बैठकीवर रचले. दुपार उतरेपर्यंत ते तिथे राहिले. एक भाषा अख्खीच्या अख्खी त्या खुर्चीवर बसली म्हणायची. कोश उचलल्यावर फोम शहाण्या मुलासारखा पुन्हा सरळ झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना चांगल्या मालाचा राग आला.

"आतलं जुनं कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "त्यात तो आकार असेल ना."

"टाकून दिला तो काथ्या. आमच्याकडे असलं सगळं..." मास्तर बोलता बोलता थबकले. कोपरा डोळ्यांसमोर आला. कोपऱ्यात गठ्ठा भिरकावल्याचं आठवलं. तो बाहेर फेकल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

गठ्ठा दुकानातच होता, कापड कापायच्या टेबलाखाली, आणि त्यावर मुकादमीण झोपली होती. लहान खड्ड्यात अंग, मोठ्या खड्ड्यात शेपूट, असा प्रशस्त संसार मांडून.

"तुम्ही फेकलात त्याच दिवशी ताबा घेतलाय तिने," बायको म्हणाली. "तेव्हापासून फार गुणी झालीये. कापडावर नाचत नाही."

"मला तो हवाय."

"घ्या की. मी कुठे अडवलंय."

मास्तरांनी वाकून गठ्ठ्याची कड धरली. मुकादमिणीने डोळे न उघडता एक पांढरा पंजा त्यांच्या मनगटावर ठेवला. नखं जेमतेम बाहेर, नोटिशीपुरती. मास्तरांनी हात मागे घेतला.

"अगं, उठव ना तिला."

"मी का? दुकानाची मांजर आहे. दुकानाला सांगा."

मास्तरांनी मासळीचा तुकडा दाखवला. तिने मान लांबवून तो बसल्या जागी खाल्ला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, हातोडी आपटली. त्या आवाजांना ती केव्हाच सरावली होती.

"तिचं तरी काय चुकलं?" बायको म्हणाली. "सगळ्या गावाला मऊ बसवता. तिला कधी एक गादी केलीत?"

मास्तर कामाला लागले. मखमलीचा एक उत्तम तुकडा एका ग्राहकाच्या कोचातून उरला होता. त्याची गोल गादी, आत पिंजलेला मऊ कापूस, कडेला गोट. दाभणाचा एकेक टाका त्यांनी असा घातला की जणू राजवाड्यातून मागणी आली आहे. गादी टेबलाखाली ठेवली. मुकादमीण उठली, गादीभोवती फिरली, नाकाने तपासणी केली, आणि परत येऊन काथ्यावर बसली.

"पास झाली तुमची गादी," बायको म्हणाली. "फक्त पसंत पडली नाही."

शेवटी उन्हाने काम केलं. रोज खिडकीत ऊन आलं की मुकादमीण अंग शेकायला जात असे. ती गेली तशी मास्तरांनी गठ्ठा उचलला आणि चादरीत गुंडाळला. आपल्याच दुकानात, भर दिवसा, आपल्याच टाकाऊ मालाची चोरी करताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. दारापर्यंत पोचले तोच ती मागे आली. टेबलाखाली गेली. रिकाम्या फरशीवरून नाक फिरवलं, आणि तिथून त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"एका आजारी जिवासाठी नेतोय गं," मास्तर हळूच म्हणाले. "तू तरुण आहेस. तुला कुठेही झोप येते."

"दुकानाशी बोलताय का?" बायकोने विचारलं.

मास्तर गठ्ठा छातीशी धरून निघाले.

बाईंच्या घरी त्यांनी खुर्ची आडवी केली आणि एकेक पितळी खिळा उपसायला घेतला. स्वतःच्या हाताने लिहिलेलं सुवाच्य अक्षर स्वतःच खोडावं तसं ते काम होतं. हिरवी खोळ बाजूला झाली, फोम निघाला. काथ्याचा गठ्ठा आत ठेवला, आणि मास्तर अडले. कुठली बाजू कुठे? खड्डा त्यांनी नेहमी बुजवण्यासाठीच पाहिला होता, ओळख ठेवण्यासाठी नव्हे.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. काळ्या चष्म्याआड त्यांनी डोळे मिटले असावेत. तळहात गठ्ठ्यावरून सावकाश फिरला. आणि मास्तर पाहत राहिले, कारण हात जिथे खाली जात होता तिथे बाईंचा चेहरा उजळत होता. "हे ते. असे बसायचे, पाय थोडे तिरके. म्हणजे हा इकडे येईल. फिरवा. अजून थोडा. हं."

मास्तरांनी खोळ परत चढवली. समोरून ठोकली, मागून ठोकली, उजवीकडून ठोकली. डावी बाजू राहिली होती, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला.

जावईबापूंनी भिंतीवरची नजर काढली होती.

नाक हललं. मग मिश्या. मग तो सगळा थोराड, खंगलेला देह एकेक सांधा आठवत उभा राहिला, आणि टेबलाखालून बाहेर आला. चार पावलं, थांबा. पुन्हा दोन. खुर्चीशी येऊन त्याने मान वर केली, आणि पुढचे पंजे बैठकीच्या कडेवर टेकवून आत खोल, फार खोल श्वास घेतला. बाईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता. तिथे आत, काथ्याच्या घट्ट अंधारात, तंबाखू, शाई, माणसाचा घाम, सगळी गेलेली वर्षं असणार. जावईबापूंचे डोळे अर्धवट मिटले.

आणि मग एकदम उघडले.

शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखं फुललं. फाटका कान मागे गेला. एवढ्या दिवसांच्या मौनानंतर त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो प्रेमाचा नव्हता.

"हे काय?" बाई घाबरून म्हणाल्या.

मास्तरांनी घसा खाकरला. "एक सांगायचं राहिलं, बाई. त्या काथ्यावर आमची मुकादमीण झोपत होती."

"मुकादमीण कोण?"

"मांजर आहे. दुकानाची." आणि मग, का कोण जाणे, ते म्हणाले, "माझी."

जावईबापूंनी उडी मारली. दोन प्रयत्न लागले, दुसऱ्यात मागचे पाय घसरले, पण ते चढले. परक्या बाईने आपल्या गैरहजेरीत घरात येऊन बस्तान मांडलं आहे, हे कळल्यावर कुठलाही घरजावई दुःख करत बसत नाही. त्यांनी लहान खड्ड्यात गाल घासला, मोठ्या खड्ड्यात गाल घासला, पाठीला, हाताला, जिथे पोचेल तिथे घासला. मग नखं काढली. गर्द हिरव्या कापडातून टर्र असा आवाज आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा टर्र.

"कापड चांगलं होतं," ते कळवळून म्हणाले.

"फाडू दे," बाई म्हणाल्या. "फाड रे, राजा."

सगळं आपलं झाल्याची खात्री पटेपर्यंत ते चाललं. मग जावईबापूंनी लहान खड्डा पुढच्या पंजांनी तुडवून तुडवून मळला, स्वतःभोवती एक फेरी घेतली, आणि धपकन बसले. बाईंकडे पाहिलं. घोगऱ्या, वापरात नसलेल्या आवाजात एकदाच ओरडले. संताप माणसालाही भूक आणतो; बोक्याची गोष्ट काय सांगावी.

बाईंना काठीची आठवण राहिली नाही. स्वयंपाकघरातून त्या बशी घेऊन आल्या आणि ती खुर्चीतच, त्यांच्या तोंडापुढे, धरून उभ्या राहिल्या. जावईबापूंनी आधी रिवाज म्हणून तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, "बरं, चुकलं आमचं." तेव्हा ते जेवले; आधी जिभेच्या टोकाने, मग खाली मान घालून, बशी फरशीवर ठेवायचीही उसंत न देता.

बाईंनी मोकळ्या हाताने चष्मा वर केला आणि डोळे पुसले.

"डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका म्हटलंय ना?" मास्तर म्हणाले.

"ते नळाच्या पाण्याबद्दल होतं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हातोडी पिशवीत टाकली. डावी बाजू ठोकायची राहिली होती, पण त्या बाजूवर आता मालक बसलेले होते, आणि अर्धं जेवण झालेल्याला उठवणं कुठल्याच व्यवसायात बसत नाही. "उद्या येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. दार उघडताना बाईंनी ओठांवर बोट ठेवलं: नुकतेच झोपले आहेत. त्यानंतरच्या आठवड्यात गेले तेव्हा जावईबापू जागे होते, पण बसलेले. आणि मोठ्या खड्ड्यात, पाय थोडे तिरके घेऊन, मांडीवर पुस्तक उघडून बाई बसल्या होत्या. त्या उठू लागल्या तशी डाव्या मांडीशी एक नापसंतीची गुरगुर झाली, आणि त्या परत बसल्या.

"चहा तुम्हालाच करून घ्यावा लागेल, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला काही आता उठता येत नाही."

मास्तरांनी चहा केला. तिघांच्याही सोयीने तो सावकाश प्यायला. अजूनही ते अधूनमधून जातात, पिशवीत हातोडी आणि मूठभर पितळी खिळे घेऊन. आणि खोळीची डावी कड तशीच, उघडी, लोंबत असते. बायको विचारते, झालं का काम? ते म्हणतात, बसलेत अजून.